स्टीमपंक कपडे रोज घालता येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. गेली चौदा वर्षं इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहते आणि आठवड्यातले चार दिवस तरी स्टीमपंक वळणाचे कपडे घालून कामावर जाते. लेस्टरपासून पुण्यापर्यंतच्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले त्याच शब्दांत ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. स्टीमपंक म्हणजे नेमकं काय? फोटोंत चष्मे आणि चाकं दिसतात, पण कळत काहीच नाही.

अशी कल्पना करा की विजेने आणि पेट्रोलने जग ताब्यात घेतलंच नाही. यंत्रं वाफेवर, चावीवर आणि पितळी चाकांवरच पुढे पुढे जात राहिली. अशा जगातली माणसं जे कपडे घालतील, ते स्टीमपंक.

सुरुवात मात्र कपड्यांपासून झाली नाही, कथांपासून झाली. अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये विज्ञानकथांना वाहिलेल्या 'लोकस' मासिकाला पत्र लिहिलं. ते स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघं ज्या प्रकारच्या गोष्टी लिहीत होते, त्यांना एक नाव हवं म्हणून त्यांनी या पत्रात 'स्टीमपंक' हा शब्द सुचवला. मागे आणखी शोधत गेलात तर ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स भेटतात. वाचकांनी त्या जगाचे कपडे शिवायला घेतले ते नंतर.

२. मग हे व्हिक्टोरियन कपडेच ना?

नाही. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. तो काळ जसाच्या तसा उभा करणारे लोक वेगळे. १८७० चा घागरा आणि १८८५ चा घागरा यांतला फरक त्यांना जिव्हाळ्याचा असतो, आणि त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. स्टीमपंकमध्ये तो काळ म्हणजे पाया, वर इमारत आपली. बाई मेकॅनिकचा पट्टा लावून, पान्हे अडकवून हिंडू शकते. त्या काळात हे शक्य होतं का, असं इथे कोणी विचारत नाही.

३. वाफ समजली. नावात 'पंक' कशासाठी?

शब्द तयार झाला तेव्हा 'सायबरपंक', म्हणजे संगणकांनी व्यापलेल्या भविष्यातल्या कथा जोरात होत्या. जीटरनी त्याच धर्तीवर नाव दिलं, इतकं साधं कारण आहे. पण मी नॉटिंगहॅममध्ये राहते, आणि इथे राहून या शब्दाचा मला आणखी एक अर्थ लागला.

१८११ मध्ये इथून जवळच्या आर्नल्ड गावात मोजे विणणाऱ्या कामगारांनी माग फोडायला सुरुवात केली. मजुरी पडत होती, हलका माल काढून कारागिरांच्या पोटावर पाय येत होता. तेच लडाइट. पुढच्या वर्षी माग फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा आला. तेव्हा उमरावांच्या सभागृहात आपल्या पहिल्याच भाषणात त्याला विरोध करायला कवी बायरन उभा राहिला. त्याची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेजच्या, कधीच पूर्ण न झालेल्या गणकयंत्रावर तिने १८४३ मध्ये टिपणं लिहिली. स्टीमपंक मंडळींत तिला देवघरात जागा आहे. बाप-लेक दोघं आमच्या ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवर, हकनॉलच्या चर्चमध्ये शेजारी शेजारी पुरलेले आहेत. यंत्रावर प्रेम करणारी मुलगी आणि यंत्रापायी उपाशी मरणाऱ्यांची बाजू घेणारा बाप. माझ्या दृष्टीने स्टीमपंकमध्ये ही दोन्ही हवीत. नुसतं यंत्राचं कौतुक केलं तर 'पंक' गळून पडतो.

४. खरं सांगा, हे रोज घालता येतं का? की नाटकातला पोशाखच?

डोक्यापासून पायापर्यंतचा जामानिमा रोज घालता येत नाही. मी पहिल्या वर्षी प्रयत्न केला. टोपी, गॉगल, लांब कोट, पट्ट्याला लटकवलेल्या तीन पिशव्या, खांद्याला पितळी साखळी. ट्राममधून उतरताना ती साखळी एका बाळाच्या गाडीत अडकली. बाळाची आई शांतपणे सोडवत बसली आणि माझ्यामागे दहा माणसं खोळंबली. त्या संध्याकाळी घरी येऊन मी अंगावरची एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली आणि स्वतःला विचारलं, आज हिने काय काम केलं? घड्याळाने वेळ दाखवली होती. वेस्टकोटच्या खिशांत पास, किल्ल्या आणि पेन होतं. बूट पावसात कोरडे राहिले होते. बाकी काहीच कामाला आलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: अंगावरची प्रत्येक वस्तू काम करणारी हवी. बकल असेल तर त्याने काहीतरी आवळलं पाहिजे. खिसा असेल तर त्यात हात गेला पाहिजे. या नियमाने आपोआप निम्मा बोजा उतरतो आणि जे उरतं ते रोज घालता येतं.

जाता जाता एक गोष्ट. तुम्ही रोज जी जीन्स घालता ती त्याच काळातली आहे. विजारीच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना २० मे १८७३ ला मिळालं. उजव्या खिशाच्या वर जो चिमुकला खिसा असतो, तो घड्याळासाठी होता. कामगारांच्या 'डंगरी'चं नाव तर मुंबईच्या डोंगरीवरून पडलेलं आहे, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडामुळे. म्हणजे कपाटात सुरुवात झालेलीच आहे.

५. एकच कपडा घ्यायचा तर कुठला?

वेस्टकोट. बाईमाणूस असो की पुरुष, हेच उत्तर. आपल्याकडचे शिंपी याला जाकीट म्हणतात.

कारण तो साध्या शर्टावर, कुर्त्यावर, जीन्सवर कशावरही चालतो. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि त्याला चार खिसे असतात. बायकांच्या कपड्यांना खिसे नसण्याचं दुःख मी वेगळं सांगायला नको.

विकत घेताना किंवा शिवताना तीन ठिकाणी बघा. पहिलं, पाठ. मागे पट्टी आणि बकल असेल तर थंडीत आत स्वेटर घालता येतो आणि उन्हाळ्यात आवळता येतो. दुसरं, लांबी. कंबरपट्टा झाकला गेला पाहिजे. हात वर केल्यावर मध्ये शर्टाची पट्टी दिसली तर तो आखूड आहे. तिसरं, काज. घड्याळाच्या साखळीच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी एक दांडी असते, ती काजातून आरपार जाऊन आडवी बसते. मशिनवर घाईघाईत केलेलं काज त्या वजनाने महिन्याभरात उसवतं. ते एक काज हाताने, दुहेरी दोऱ्याने करून घ्या.

घड्याळ चावीचं घेतलंत तर सकाळी चहा होईपर्यंत चावी द्यायची सवय लावा. माझं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. मी ते दर सकाळी रेडिओच्या ठोक्यावर लावते, आणि ती दोन मिनिटं मला प्रिय आहेत. बॅटरीवरचं घेतलंत तरी चालेल, ते वेळ दाखवतं, म्हणजे काम करतं.

६. गॉगल लावावाच लागतो का?

नाही. रोजच्यासाठी तर नकोच. सायकल चालवताना धुळीपासून डोळे वाचवायला लावणार असाल तर जरूर लावा. वेल्डिंगच्या काळ्या काचा लावून मात्र गाडी किंवा सायकल चालवू नका, समोरचं खरोखर दिसत नाही.

७. टोपीला, पर्सला जुन्या घड्याळाची दातेरी चाकं चिकटवली तर झालं ना स्टीमपंक?

या प्रश्नावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद चालतात. माझं मत स्पष्ट आहे. चाक फिरण्यासाठी असतं. दोन चाकांचे दात एकमेकांत बसलेले नसतील तर ते यंत्र नाही, नक्षी आहे. नक्षी करू नये असं नाही, पण त्यासाठी चालू घड्याळ फोडू नका. घड्याळजीकडे मेलेल्या घड्याळांचा डबा असतो, तो मागा. आणि चिकटवू नका, शिवा. गोंद उन्हात सुटतो आणि चाकाचे दात लोकरीत अडकतात. माझा एक चांगला स्वेटर असाच उसवला.

८. सगळं तपकिरीच का असतं? मला रंग आवडतात.

मलाही. तपकिरी आहेत ते त्या काळचे फोटो. कपडे तसे नव्हते.

१८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला बसला होता. क्विनाइन काही झालं नाही, भांड्यात जांभळा रंग सापडला. तिथून डांबरापासून बनवलेल्या रंगांची रांग लागली आणि पुढच्या काही वर्षांत बायकांचे कपडे अक्षरशः पेटले: जांभळे, किरमिजी, गर्द निळे. त्यामुळे जांभळा वेस्टकोट हा चामड्याच्या पट्ट्याइतकाच अस्सल आहे. माझा आवडता वांगी रंगाचा आहे.

९. ऑफिसात कसं जमवता? बॉस काही म्हणत नाही?

मी हिशेबांच्या खात्यात काम करते. कडक नेमाचं ऑफिस नाही, पण कुणीही काहीही घालून येतं असंही नाही. मी तिथे 'स्टीमपंक' हा शब्द कधी उच्चारलाच नाही. पांढरा उभ्या कॉलरचा शर्ट, वेस्टकोट, घोट्याच्या वर येणारे नाडीचे बूट, लांब स्कर्ट किंवा साधी पँट. बघणाऱ्याला एवढंच वाटतं की ही बाई नीटनेटकी राहते. तीन वर्षांनी एका सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा सांगितलं.

आवाज होणारी वस्तू मात्र नको. मीटिंगमध्ये साखळी टेबलावर आपटत राहिली तर शेजारच्याचं लक्ष जातं, आणि ते रास्तच आहे. जिथे यंत्रं फिरतात, प्रयोगशाळा आहे, दवाखाना आहे, तिथे साखळ्या, लोंबत्या बाह्या आणि लांब नाड्या पूर्ण वर्ज्य. तिथे बटणं आणि बूट एवढ्यावरच हौस भागवा.

१०. कॉर्सेट घालायची फार इच्छा आहे, पण भीती वाटते. दिवसभर घालता येते का?

मी वर्षातून तीनचार वेळा घालते. रोज नाही, आणि तुम्हीही रोज घालावी असं मी म्हणणार नाही.

आधी समजून घ्या की कंबर आवळणारी ही वस्तू पोलादाची आहे. चांगल्या कॉर्सेटला पाठीच्या नाडीच्या दोन्ही बाजूंना सपाट पोलादी पात्या असतात, कुशीत वळणाऱ्या, स्प्रिंगसारख्या विणीच्या पात्या असतात आणि पुढे हुकांची जाड पट्टी असते. नाडीची भोकं पूर्वी हाताने गुंफलेली असत, फार ओढलं की फाटत. १८२८ च्या सुमारास त्यांना धातूच्या कड्या आल्या आणि घट्ट ओढणं शक्य झालं. पुढची बरीचशी बदनामी तिथून सुरू होते.

माझी पहिली कॉर्सेट मी स्वस्तात ऑनलाइन मागवली. आत प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. अंगाच्या उबेने दुपारपर्यंत त्या वाकल्या आणि एकीचं टोक बरगडीखाली रुतून बसलं. तो वळ आठवडाभर गेला नाही. म्हणून घेताना विचारा: आत पोलाद आहे का? उत्तर टाळलं तर घेऊ नका.

घालायची पद्धत: आत सुती शमीज किंवा बनियन हवंच, कारण कॉर्सेट धुता येत नाही, ते आतलं धुवायचं असतं. नाडी सैल ठेवून पुढचे हुक लावा, मग मागून हळूहळू आवळा. काढताना आधी नाडी पूर्ण सैल करा, मगच हुक. उलटं केलंत तर पट्टी वाकते. पहिले दोन आठवडे तास-दोन तासच घाला. श्वास पोटापर्यंत गेला पाहिजे, दुखता कामा नये. घालून झोपू नका, व्यायाम करू नका, भरपेट जेवू नका. गरोदरपणात, हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, ॲसिडिटी किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

रोजच्यासाठी पर्याय आहे: पाठीला नाडी असलेला वेस्टकोट. आत पात्या नाहीत, बांधा मात्र तोच दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणींना खरं तर तेच हवं असतं.

११. मुंबईच्या उकाड्यात हे कसं शक्य आहे?

मे महिन्यात दादरला उतरून लोकरी वेस्टकोटमध्ये मी स्वतः हे करून पाहिलं आहे. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तो काढून हातात घेतला होता.

मग मावशीच्या ओळखीच्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, पाठीचं अस्तर बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे पॉलिस्टर आहे, घाम जाणार कुठनं?" त्यांनी नवीन शिवून दिला: पुढे जाडसर खादी, पाठीला एकेरी मलमल, अस्तर फक्त खिशांना आणि पुढच्या कडांना. बकरम नाही. मी तो त्याच आठवड्यात डोंबिवलीपर्यंत लोकलने घालून गेले आणि परत आले. आता इंग्लंडातल्या उन्हाळ्यातही तोच घालते.

कोकणात, गोव्यात, मुंबईत एवढं पाळा: लोकर आणि खोटं चामडं बाद. लिनन, खादी, मलमल घ्या. रंग फिके घ्या. खाकी हा शब्दच 'धुळीच्या रंगाचा' या अर्थाने फारसीतून आला आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या फौजेने तो कापडावर आणला, त्यामुळे तो इथलाच आहे. कॉर्सेट या हवेत नकोच (प्रश्न १० पाहा). थर कमी करून बटणं, बूट आणि टोपी यांवर भर द्या.

१२. पितळी बटणं काळी पडतात आणि मनगट हिरवं होतं. माल खोटा आहे का?

उलट, बहुधा खरा आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घामाने तांब्याचा हिरवा क्षार तयार होतो आणि अंगाला लागतो. साबणाने जातो, अपाय नाही. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पितळेची भांडी घासली गेली, तेच इथे करायचं: चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, हलक्या हाताने चोळून धुवा आणि लगेच कोरडं करा. ओलं राहिलं की डाग पडतो. त्वचेला लागणाऱ्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्या, महिनाभर टिकतो.

खाज सुटली, पुरळ आलं तर मात्र ते पितळ नसून वरून मुलामा दिलेला हलका धातू असण्याची शक्यता मोठी. त्यात बऱ्याचदा निकेल असतं आणि निकेल अनेकांना सोसत नाही. अशा वस्तूला चिंच लावू नका, मुलामाच निघेल. अंगाला लागू न देता कपड्याबाहेर वापरा, नाहीतर सोडून द्या.

आणि वेस्टकोट धुताना बटणांचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: आजोबांच्या सदऱ्याला साखळीची बटणं असायची, आठवतात? दोन्ही बाजूंना काजं, धुताना बटणं काढून ठेवायची. माझ्या तीन वेस्टकोटना मी तसंच करून घेतलंय. एकच पितळी संच तिन्हींना चालतो.

१३. पावसाळ्यात चामड्याचे पट्टे आणि बूट पांढरे होतात.

बुरशी आहे. कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग बुटाचं पॉलिश किंवा मेण लावा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच बांधून ठेवू नका, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे राहत असाल तर जून ते सप्टेंबर कॅनव्हासचे पट्टे वापरा, जिवाला त्रास नको.

१४. खर्च किती येतो? तयार सेट घ्यावा का?

'स्टीमपंक सेट' असं लिहिलेलं काहीही घेऊ नका. तो एकदा फोटोला घालून कपाटात जातो.

इंग्लंडात चॅरिटी शॉप, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणारं दुकान, हे आमचं तीर्थक्षेत्र. लग्नासाठी शिवलेले आणि एकदाच घातलेले वेस्टकोट तिथे येतात. माझा राखाडी मी सहा पौंडांना घेतला, बटणं बदलली, बाजू आवळल्या. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पितळी कड्या, बकलं, जुनी घड्याळं सापडतात. घासाघीस करा. शिंपी ही तुमची सगळ्यात मोठी दौलत आहे. इंग्लंडातल्या माझ्या मैत्रिणी जे काम स्वतः रात्री जागून करतात, ते तुमच्या गल्लीतला टेलर एका संध्याकाळी करून देतो. त्याला चित्र दाखवा आणि काय अडकवायचं आहे ते सांगा.

लेस हवी असेल तर मी पक्षपाती आहे. १८१३ मध्ये जॉन लीव्हर्सचं लेस विणणारं यंत्र इथे नॉटिंगहॅममध्येच तयार झालं, आणि आमच्या लेस मार्केटातल्या लाल विटांच्या गोदामांतून ती जगभर गेली. मशिनची लेस म्हणून नाक मुरडू नका. स्टीमपंकसाठी याहून योग्य लेस कोणती?

१५. साडीवर, नऊवारीवर हे शोभतं का?

फारच छान शोभतं. नऊवारीचा काष्टा हा चालण्याचा, चढण्याचा, काम करण्याचा पोशाख आहे, म्हणजे प्रश्न ४ मधल्या नियमाला तो आधीच उतरतो. त्यावर आखूड जाकीट, कमरेला रुंद चामडी पट्टा, पायात नाडीचे बूट. सहावारी असेल तर उभ्या कॉलरचा, मनगटाला चार बटणं असलेला ब्लाउज शिवा. पदराला घड्याळाची साखळी लावू नका, जर ओढली जाते. साखळी पट्ट्याला लावा.

आणि ज्याला जग 'पेस्ली' म्हणतं ती आपली कोयरी आहे. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडच्या पेस्ली गावातल्या मागांवर होऊ लागली, आणि नाव त्या गावाचं पडलं. कोयरीचं कापड बिनधास्त वापरा.

१६. हा तर आपल्याला लुटणाऱ्यांचा काळ. आपणच तो अंगावर कशाला मिरवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेकदा रागाने येतो, आणि तो राग मला पटतो.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसं मरत होती आणि धान्य जहाजांत भरून बाहेर जात होतं. ज्या वाफेचं आम्ही कौतुक करतो, तीच ते धान्य वाहून नेत होती. हे माहीत नसताना कुणी त्या काळाचा कोट घातला तर मी सांगते. माहीत असून लपवलं तर मला राग येतो.

पण वाफेचं युग हे एकट्या इंग्रजांचं नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्या रेल्वे कंपनीच्या कामात जगन्नाथ शंकरशेट होते. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी इंग्लंड गाठलं आणि तिथे छपाईचे खिळे पाडणारं यंत्र बनवलं. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो, म्हणजे स्टीमपंकच्या सगळ्या पूर्वजांचा राजा, हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो. इंग्रजांविरुद्ध लढून सगळं गमावलेला माणूस स्वतःची पाणबुडी बांधतो. इथल्या कित्येक गोऱ्या मित्रांना हे माझ्याकडून पहिल्यांदा कळलं.

आणि १८८५ चा एक फोटो आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी: जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात, आणि आनंदीबाई जोशी साडीत. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या काळातली आधुनिक बाई कशी दिसायची असं कुणी विचारलं की मी हा फोटो दाखवते.

म्हणून माझ्या राखाडी इंग्रजी वेस्टकोटला आतून खणाचं अस्तर आहे. सांगलीहून आईने पाठवलेला हिरवा-लाल खण. मिटलेला असताना दिसत नाही, बटण उघडलं की दिसतो. इथे तो लोक आवर्जून बघतात आणि विचारतात. मग मी दुष्काळापासून आनंदीबाईंपर्यंत सगळं सांगते.

१७. मग सोला हॅट आणि लष्करी लाल कोट घालावा की नाही?

सोला हॅट आपल्याकडच्या शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची. हलकी, थंड, उत्तम वस्तू. पण ती साहेबाची खूण झाली, आणि आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना ती बघून काय आठवेल याचा विचार करून मी ती घालत नाही. लष्करी लाल कोट आणि पदकं तर मुळीच नाही. ज्याने जे मिळवलं नाही ते पदक छातीवर लावू नये, खोटंसुद्धा. इतरांना मी मनाई करत नाही, मात्र विचारलं तर कारण सांगते.

१८. विमानाने जाताना काही अडचण?

कॉर्सेट, पोलादी हुक, साखळ्या, जाड बकलं हे सगळं सामानात टाका, अंगावर ठेवलंत तर तपासणीत वाजणारच. खेळण्यातलं पिस्तूल, अगदी लाकडी असलं तरी, हातातल्या बॅगेत नको. खऱ्यासारखं दिसणारं हत्यार केबिनमध्ये नेता येत नाही. घड्याळ ट्रेमध्ये रुमालात गुंडाळून ठेवा, काचेला चरा जातो.

१९. ही फॅशन संपली म्हणतात. खरं आहे का?

जानेवारी २०१३ मध्ये आयबीएमने समाजमाध्यमांवरच्या गप्पांचा अभ्यास करून जाहीर केलं होतं की पुढच्या एकदोन वर्षांत दुकानं स्टीमपंकने भरतील. तशी ती भरली नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटतं. दुकानात आलेली लाट दुकानातूनच ओसरते. इथे लोक स्वतः शिवतात, दुरुस्त करतात, एकमेकांना बटणं देतात. इंग्लंडातल्या लिंकन शहराचा स्टीमपंक मेळा २००९ पासून भरतोय. न्यूझीलंडच्या ओमारू गावाने तर पांढऱ्या चुनखडीच्या जुन्या इमारतींसकट स्वतःला स्टीमपंकचं गाव करून टाकलंय.

२०. लोक टक लावून बघतात, फोटो काढतात. काय करायचं?

वर सांगितलेले रोजचे कपडे घातलेत तर फारसं कोणी बघत नाही. पूर्ण पोशाखात असाल तर बघतीलच. न विचारता फोटो काढला तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा. लहान मुलं विचारतात तेव्हा मात्र घड्याळ उघडून आतलं चाक दाखवा, घाईत असलात तरी.

२१. ऑगस्टमध्ये लिंकनच्या मेळ्याला पहिल्यांदा येतोय. काय घालू?

ऑगस्टअखेरच्या सुट्टीचा शनिवार-रविवार-सोमवार. नॉटिंगहॅमहून गाडीने तासाभरात पोहोचता. स्टेशन खाली, किल्ला आणि कॅथेड्रल वर, आणि मधला रस्ता म्हणजे स्टीप हिल. नाव खरं आहे: दगडी फरसबंदी आणि छातीवर येणारा चढ. त्यामुळे नवे बूट घालून येऊ नका, उंच टाचा तर नकोतच. आधी महिनाभर घरात घालून मुरवलेले नाडीचे बूट, वेस्टकोट आणि पाऊस येतोच म्हणून छत्री. बाकी काही नसलं तरी चालेल.

चहाचं द्वंद्व नक्की बघा. दोघं समोरासमोर बसतात, आपापल्या चहात बिस्कीट बुडवतात आणि बाहेर काढून धरून ठेवतात. जो शेवटी खातो तो जिंकतो, पण तुकडा पडला की हरला. पार्ले-जीवर वाढलेल्या माणसाने भाग घ्यायला हरकत नाही. फक्त कफांना लेस असेल तर बाह्या आधी दुमडून घ्या.